एका काळजाचे किती आकडे?

मी एक पिशवी बोलतेय. कापडी, हिरवी, दोन बंदांची. मला कुणी दुकानातून आणलेलं नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या एका लहानशा गावात, रीता निमगडेच्या शिलाई मशीनवर माझा जन्म झाला.

रीता गावाची टेलर. ग्रामपंचायतीच्या हॉलचे पडदे तिनं शिवले, तेव्हा जाडसर कापडाचा एक तुकडा उरला. तो फेकवेना, म्हणून तिनं मला बेतलं, बंदांना दुहेरी टाके घातले. आतला कप्पा मात्र लाल, कारण हिरवं अस्तर संपलं होतं. "दिसते कोणाले आतलं?" असं ती स्वतःशीच म्हणाली आणि दातानं धागा तोडला. मला वाटलं, आपल्यात वांगी येतील, सांभाराची हिरवी जुडी येईल, कधी माहेरी जाताना एखादी साडी येईल.

पण माझ्यात सगळ्यात आधी पडली ती दवाखान्याची फाइल.

रीताच्या डाव्या छातीत गाठ निघाली होती. चंद्रपूरला ऑपरेशन झालं, छाती काढली, मग सलाईनमधून कडक औषधं झाली, केस गेले, किरणांचे शेक झाले. त्या सगळ्या काळात मी तिच्या मांडीवर होते. पाण्याची बाटली, पोळीचा डबा, टॉवेल, आणि दर खेपेला जाड होत जाणारी ती फाइल. माणूस घाबरलं की हाताशी असलेल्या वस्तूला घट्ट धरतं, हे मी तेव्हा शिकले. माझ्या बंदाला अजून तिच्या बोटांच्या चुण्या आहेत.

सगळ्यांना वाटलं, झालं आता. तेव्हा दवाखान्यातल्या उर्वशी मॅडमनी सांगितलं की अजून एक औषध आहे, दर तीन आठवड्यांनी एक सुई, वर्षभर.

"हे औषध दुखण्याला परत येऊ देत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गाठीच्या जातीवर ते फार चांगलं लागू पडतं. पण कधी कधी ते हृदयाला थकवतं. म्हणून सुरुवातीला एक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढू, आणि पुढं दर तीन महिन्यांनी."

रीताचा नवरा प्रफुल शेजारीच उभा होता. तो गावात नळाला पाणी सोडायचं काम करतो. हृदय हा शब्द ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याचे वडील देवाजी, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत भर बांधीत उभ्या उभ्या कोसळले, हृदय बंद पडून गेले होते. हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंडी सुटली नव्हती. प्रफुल तेव्हा दोन पावलांवर होता.

रीता मात्र सुईचं नाव ऐकून सावरली होती. तिची थोरली बहीण कांता याच दुखण्यानं गेली. गाठ काढली, सगळे म्हणाले बरी झाली, तिनं पुढचे उपचार अर्ध्यावर सोडले, आणि दुखणं हाडांतून परत आलं. शेवटी शेवटी कांताला कूससुद्धा बदलता येत नव्हती. रीतानं तिला चमच्यानं पाणी पाजलं होतं.

एकाच घरात दोन भीती राहायला आल्या. एक नवऱ्याची, एक बायकोची. दोघंही आपापली भीती एकमेकांपासून लपवायचे. मी मध्ये होते, म्हणून मला दोन्ही कळायच्या.

पहिला इको दवाखान्यातच झाला. ती खोली मला आठवते. खिडकीला काळा कागद, थंडगार हवा, पलंगाशेजारी मशीन. रीताला डाव्या कुशीवर झोपवलं, मला स्टुलावर ठेवलं. छातीवर जेली लावून त्यांनी एक दांडकं फिरवलं. पडद्यावर काहीतरी करडं उघडायचं, मिटायचं. मधेच मशीनमधून आवाज आला, चिखलातून कुणी भरभर चालत जावं तसा. तो आपल्याच आतला आवाज आहे हे कळलं तेव्हा रीतानं डोळे मिटून घेतले.

आकडा आला बासष्ट.

"बासष्ट! मंग फर्स्ट क्लासच की वो," प्रफुल बाहेर येऊन म्हणाला.

"शंभरातले अडतीस कुठी गेले?" रीतानं विचारलं.

उर्वशी मॅडमना हसू आलं. शंभर कुणाचेच नसतात, त्यांनी समजावलं. हृदय भरतं आणि आकसतं. भरलेल्या रक्तातलं किती रक्त ते एका ठोक्यात पुढं ढकलतं, त्याचा तो हिशेब. पंचावन्न-साठ म्हणजे उत्तम.

सुया सुरू झाल्या. तीन महिन्यांनी दुसरा इको, अठ्ठावन्न. परतीच्या बसमध्ये प्रफुल खिडकीबाहेर पाहत राहिला. कोठारीच्या जंगलातून बस जात होती, सागाची पानं गळून गेली होती. तो म्हणाला, "चार कमी झाले."

रीता म्हणाली, "मॅडम म्हणे चालते एवढं."

"हाव. चालते."

त्यानंतर पुन्हा इकोची वेळ आली ती ऐन मे महिन्यात. चंद्रपूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. दवाखान्यातलं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. इकोशिवाय सुई देता येत नाही, म्हणून बाहेरच्या एका सेंटरवर जायला सांगितलं. बस उशिरा पोचली. नंबर जाऊ नये म्हणून दोघं स्टँडपासून जवळजवळ पळतच निघाले. मी रीताच्या खांद्यावर आपटत होते. तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. बाटलीतलं पाणी तापून कढत झालं होतं, ते तिनं प्यायलंच नाही.

आत गेल्या गेल्या तिला झोपवलं. बाहेर माणसांची रीघ लागलेली, काढणारे डॉक्टर घाईत. शेक दिलेल्या जागेची कातडी अजून हुळहुळी होती, दांडकं तिथं टेकलं की रीता अंग चोरायची.

"हलू नका बाई."

"दुखते जी."

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात हलका केला, पाहायचं तेवढं पाहिलं आणि कागद दिला.

शेहेचाळीस.

दवाखान्यात त्या दिवशी उर्वशी मॅडम रजेवर होत्या. दुसऱ्या तरुण डॉक्टरांनी कागद वाचला, जुने कागद काढले, परत तो वाचला. मग शांतपणे म्हणाले, "आज सुई नको. नियमाप्रमाणे थांबवावी लागेल. तीन आठवड्यांनी मॅडमना भेटा, तेव्हा पुन्हा इको करू."

"थांबली तर गाठ परत येईन काय?" रीतानं विचारलं.

"एखादी सुई पुढं गेली तर लगेच काही होत नाही."

पण तिला पुढचं ऐकूच गेलं नाही. सुई थांबली, एवढंच तिनं ऐकलं. आणि प्रफुलनं ऐकलं ते शेहेचाळीस.

घरी आल्यावर त्या आकड्यानं घराचा ताबा घेतला. मुलगी साक्षी गोंडपिपरीच्या कॉलेजात शिकते. तिनं मोबाइलमध्ये शोधलं. कुठलासा हिंदी व्हिडिओ लागला, त्यात एक माणूस मोठमोठ्यानं सांगत होता की पन्नासच्या खाली गेलं म्हणजे हार्ट फेल. साक्षीनं घाईघाईनं तो बंद केला, पण 'फेल' हा शब्द घरभर झाला होता. सासू बायनाबाईंनी रीताच्या हातातली बकेट काढून घेतली. "तू पाणी नोको उचलू, माय. तू बसून राय." विहारात जाणाऱ्या बाया दारातूनच विचारायच्या, "कशी आहे वं तुयी तब्येत?" आणि आवाज असा काढायच्या, की रीता आजारी नसती तरी झाली असती.

तिनं शिलाई मशीन बंद केली. पाय चालवला की छातीत धडधडतं, असं तिला वाटू लागलं होतं. खरंच धडधडत होतं की नुसतं वाटत होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. बसल्या बसल्या ती दोन बोटं गळ्याच्या बाजूला लावायची आणि ऐकत राहायची. एखादा ठोका पुढंमागं झाला की पुन्हा पहिल्यापासून ऐकायची. मी खुंटीवर होते, मला दिसायचं. घरातली माणसं तिच्याकडे न पाहिल्यासारखं करून सारखी तिच्याकडेच पाहत होती.

आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. तिला दम लागत होता.

दळण आणायला मला घेऊन ती चक्कीवर निघायची. वाटेत चिंचेच्या झाडाशी थांबायची. कुणी आलं तर खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करायची. माझ्यावर तिचा हात असायचा, तो वरखाली व्हायचा. श्वास जागेवर आला की चालू लागायची. घरी पोचल्यावर चेहरा पुसून आत जायची. तिला ठाऊक होतं, हे सांगितलं की सुई कायमची बंद होणार. आणि सुई बंद झाली की कांता.

तिचा धाकटा भाऊ श्रीहरी गडचिरोलीला राहतो. त्यानं फोन केला, "ताई, एकाच ठिकानचं काय धरून बसते? इथी ये. दुसरीकडे दाखवू." आम्ही गेलो. स्टँडवर श्रीहरी उभाच होता, "जयभीम भाऊजी" म्हणून त्यानं मला प्रफुलच्या हातातून घेतलं. त्यानं आधी बहिणीला घरी नेलं, वरणभात खाऊ घातला, कुलरसमोर बसवलं. ऊन उतरल्यावर इको झाला.

सत्तावन्न.

श्रीहरीनं टाळी वाजवली. रीतानं तो कागद दोनदा वाचायला लावला. आणि प्रफुल, ज्यानं खरं तर नाचायला हवं होतं, तो बाकावर बसून राहिला.

परतीच्या बसमध्ये त्या दोघांचं जे बोलणं झालं, ते मी विसरू शकत नाही. मी दोघांच्या मध्ये होते. बस अर्धी रिकामी होती.

"हाच खरा आहे," रीता म्हणाली. "थे मशीनच खराब होती थिकडची."

"तुले कसं माहित? हे खराब असन तं?"

"तुमाले वाईट आकडाच काऊन खरा वाटते?"

"अन् तुले चांगलाच काऊन वाटते?"

ती अगदी हळू, दात आवळून म्हणाली, "मले कांतासारखं मरायचं नाई."

प्रफुलनं माझा एक बंद हातात घेतला आणि तो पिळत राहिला. "बाबा सकाळी चहा पेऊन गेले होते बांधीत," तो म्हणाला. "काईच नव्हतं झालं त्याईले. काईच नाई. मी पाहूनच राह्यलो होतो."

माझ्या पोटात तेव्हा चार कागद होते. बासष्ट, अठ्ठावन्न, शेहेचाळीस, सत्तावन्न. चारही एकाच बाईच्या काळजाचे. काळीज एकच होतं आणि ते तिथंच, माझ्यापासून वीतभर अंतरावर धडधडत होतं. पण कागदांचं आपसात जुळत नव्हतं, आणि ज्याला ज्याची भीती त्यानं तो कागद उचलला होता. चूक कुणाचीच म्हणता येत नव्हती. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण फाटावं आणि हे सगळं रस्त्यावर उडून जावं.

ठरलेल्या दिवशी आम्ही उर्वशी मॅडमकडे गेलो. दवाखान्याचं मशीन परत आलं होतं. मॅडमनी चारही कागद टेबलावर ओळीनं मांडले. बाहेरच्या दोन्ही सेंटरच्या चित्रांच्या सीड्या मागून घेतल्या. मग म्हणाल्या, "आधी आकडे बाजूला ठेवू. शेहेचाळीस आला त्या दिवशी काय काय झालं होतं, ते सांगा."

काय झालं होतं? दोघं एकमेकांकडे पाहू लागली. उन्हात पळालो होतो. खाल्लं नव्हतं. पाणी नव्हतं. दांडकं टेकलं की दुखत होतं. मॅडम ऐकत गेल्या.

"तुम्ही शिवणकाम करता ना, रीताताई? एकाच बाईचं माप दोन टेलरनी घेतलं तर सारखं येतं?"

"एखादा इंच इकडंतिकडं होतेच."

"आणि बाईनं श्वास भरून घेतला असेल तर?"

"मंग अजून फरक पडते."

"बाई अंग चोरत असेल तर?"

रीता थोडीशी हसली. "मंग माप घेऊच नये. बसू द्यावं तिले पहिले."

"इकोचं तसंच आहे," मॅडम म्हणाल्या. "पडद्यावर हृदयाची कड पाहून माणूस ती हातानं आखतो. चित्र धूसर असेल तर कड अंदाजानं आखावी लागते. ठोके जोरात पडत असतील, अंगात पाणी कमी असेल, मशीन वेगळं असेल, हात वेगळा असेल, तर त्याच हृदयाचा आकडा पाच-सातनं सहज हलतो. कधी जास्तही. म्हणून एका ठिकाणच्या बासष्टमधून दुसऱ्या ठिकाणचे शेहेचाळीस वजा करायचे नसतात. पण म्हणून शेहेचाळीस खोटाच, असंही म्हणायचं नसतं. थांबवलं ते बरोबरच केलं. आता आपण नीट पाहू."

त्या दिवशी रीताला आधी पाणी दिलं, अर्धा तास नुसतं पडून राहू दिलं. दुखऱ्या जागेखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला. पहिले दोन इको ज्यांनी केले होते, तेच डॉक्टर, तेच मशीन. मी स्टुलावर. प्रफुल दाराशी. कुणी घाई केली नाही.

मग मॅडमनी जुनी चित्रं मशीनमधून काढली आणि आजचं चित्र शेजारी लावलं. बाहेरच्या सीड्याही पाहिल्या. बराच वेळ गेला. अंधारात दोन डॉक्टर हलक्या आवाजात बोलत होते आणि आम्हाला काही कळत नव्हतं. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही.

"आजचा त्रेपन्न," मॅडमनी सांगितलं. "आणि शेहेचाळीसच्या चित्रात हृदयाचं खालचं टोक नीट आलेलं नाही, ठोकेही फार जोरात आहेत. मला विचाराल तर तो पन्नासच्या आसपासचा. गडचिरोलीचा थोडा जास्त धरला गेलाय. म्हणजे कोसळलेलं काही नाही. पण थोडं उतरलंय. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही."

"मंग सुई?" रीतानं विचारलं.

"देऊ. हृदयासाठी एक गोळी सुरू करू, आणि पुढचा इको लवकर, इथंच. दम लागतो का? पाय सुजतात? उशी घेतल्याशिवाय झोप येत नाही, असं काही?"

"नाई," रीता म्हणाली. "काईच नाई."

मॅडमनी कागदावर लिहिलं. नर्स सुईची तयारी करायला वळली.

रीताला हवं ते मिळालं होतं. मी तिच्या मांडीवर होते. तिच्या हाताला दरदरून घाम फुटला, माझं कापड ओलं झालं. ती एकदा दाराकडे पाहायची, एकदा प्रफुलकडे. तो भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटून. नर्सनं ट्रे ठेवल्याचा आवाज आला.

"मॅडम, थांबा."

"मी खोटं बोलली," रीता म्हणाली. "मले दम लागते. चक्कीपर्यंत जाता येत नाई. लय दिवसापासून लागते. सुई बंद कराल म्हणून नाई सांगतलं." आणि मग एवढ्या दिवसांचं रडू एकदम आलं. "तुमी आता कराच बंद. पण मले काय झालं थे खरं सांगा."

मॅडम तिच्यासमोर येऊन बसल्या. त्या रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आता मला अर्ध्याच्या ऐवजी पूर्ण माहिती मिळाली."

प्रफुलनं डोळे उघडले होते. तो म्हणाला, "मले माहित होतं."

रीतानं मान वर केली.

"चिंचेजवळ थांबते तू. मी पाण्याच्या टाकीवरून पाहो. वाटे, खाली उतरून यावं, अन् विचारावं. पण तू हाव म्हटलं असतं, तं मंग काय केलं असतं मी?" तो तिथंच, नर्ससमोर, बाह्यांनी डोळे पुसू लागला.

त्या दिवशी सुई झाली नाही. पाय दाबून पाहिले, छाती ऐकली, रक्त तपासायला गेलं. ते थांबण्याचे तास फार वाईट होते. दोघं बाकावर बसली होती, मधे मी नव्हते. रीतानं मला पायाशी ठेवलं होतं आणि प्रफुलचा हात धरला होता. समोरून स्ट्रेचर गेलं की दोघंही दुसरीकडे पाहायची.

रक्त खूप कमी झालं होतं. दम लागायचं मोठं कारण तेच निघालं. हृदयाचाही त्यात थोडा वाटा असेल, मॅडम म्हणाल्या, नसेल असं छातीठोक सांगता येत नाही. रक्ताचा उपचार झाला, हृदयाची गोळी सुरू झाली, आणि पुढच्या आठवड्यात सुई दिली. ती दिली जात असताना रीता छताकडे पाहत होती आणि प्रफुल तिच्या गळ्याच्या बाजूला, जिथं ठोका दिसतो तिथं.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. प्रत्येक इकोच्या आधी दोन दिवस घरात कुणी नीट जेवत नसे. पण आता चक्कीच्या वाटेवर दोघं बरोबर जायची. दम लागला की ती चारचौघांत थांबायची, "थांबा जरासक," म्हणायची, आणि तो थांबायचा.

वर्ष पुरं झालं. शेवटची सुई झाली. त्यानंतरचा इको त्याच खोलीत, त्याच हातानं. छप्पन्न. मॅडम म्हणाल्या, गोळी चालू ठेवा, सहा महिन्यांनी या, त्रास झाला तर त्याआधीच या. रीता बाहेर आली. तिनं आकडा सांगितला तेव्हा प्रफुलनं मान हलवली, आणि दोघं बाकावर टेकली.

त्याच दिवशी माझं आयुष्य बदललं.

बाकाच्या टोकाला सुकरी नावाची एक बाई बसली होती. एटापल्लीच्या पुढच्या पाड्यावरची. बाळंतपणानंतर तिचं हृदय कमजोर झालं होतं. बाळ तिच्या आईजवळ होतं आणि नवरा दसरू औषधाच्या रांगेत. तिच्या हातात पॉलिथीनची पन्नी होती, ती फाटली आणि कागद फरशीवर पसरले. रीतानं खाली बसून ते गोळा केले. वरच्या कागदावर आकडा होता, चाळीस. त्याखालच्यावर बत्तीस.

"कोणता खरा, बाई?" सुकरीनं अडखळत विचारलं. तिची बोली गोंडी, मराठी तिला तोडकीमोडकी येत होती. "मी मरन का?"

रीताला पटकन नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. तिनं माझ्यातली आपली फाइल, डबा, बाटली काढून प्रफुलच्या हातात दिली. मला झटकलं, सुकरीचे कागद माझ्या लाल कप्प्यात नीट ठेवले आणि माझे बंद सुकरीच्या हातात दिले.

"मले नाई माहित, माय," ती म्हणाली. "पण आत जाशीन तं काईच लपवू नोको. अन् एकटी नोको जाऊ. मी येतो तुयासंगं."

दोघी आत गेल्या. मला स्टुलावर ठेवलं. रीता पलंगाशेजारी उभी होती, आणि अंधारात मशीनमधून चिखलातल्या पावलांचा तो आवाज परत सुरू झाला. या वेळी तो दुसऱ्याच कुणाचा होता.

रीताचा निरोप घ्यायला मला वेळच मिळाला नाही. स्टँडवर ती गोंडपिपरीच्या बसमध्ये चढली आणि आम्ही गडचिरोलीच्या. तिच्या हातात आता काहीच नव्हतं, त्यामुळे तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला होता.

आता मी सुकरीची आहे. माझा एक बंद उसवलाय, तळाशी जेलीचा डाग आहे. आलापल्लीच्या पुढं रस्ता खराब आहे, बस आदळते, आणि दर आदळण्याला तिची बोटं मला आवळतात. ती फार घाबरली आहे. पुढच्या महिन्यात आम्ही परत येणार आहोत.

तुम्ही तिथं असाल, तर आम्हाला आकडा किती आला ते विचारू नका. बाकावर थोडं सरकून घ्या.